हातगुण आणि दाखला

आपल्या भाषेंत 'हातगुण' हा एक मोठा मायाळू, पण तितकाच अन्यायी शब्द आहे. एखाद्या वैद्याचें औषध लागू पडलें, कीं आपण म्हणतों, त्याच्या हाताला गुण आहे. एखाद्या सुइणीनें अडलेली बाळंतीण सुखरूप सोडविली, एखाद्या म्हातारीनें पोट चोळून तान्ह्या मुलाचें रडणें थांबविलें, कीं तेथेंही हाच शब्द. तो मायाळू अशासाठीं, कीं त्यांत कृतज्ञता आहे. आणि अन्यायी अशासाठीं, कीं त्यांत त्या माणसाच्या श्रमांची कोठेंच नोंद नाहीं. गुण हाताला आहे, म्हणजे तो ईश्वरानें दिला. हातानें तो मिळविला नाहीं. आणि जें मिळविलेलें नाहीं, त्याचा मोबदला तरी काय द्यावयाचा? नारळ द्यावा, नमस्कार करावा, आणि घरीं यावें.

डॉक्टरांच्या बाबतींत हा अन्याय होत नाहीं. त्यांच्या हातगुणाची कीर्ति गांवभर असली, तरी दाराबाहेर पाटी असते आणि पाटीवर नांवापुढें अक्षरांची रांग असते. अध्यापनाच्या धंद्यांत जवळजवळ तीस वर्षें काढल्यामुळें आमचें लक्ष अशा अक्षरांकडे प्रथम जातें. दवाखान्याच्या बांकावर आपला क्रमांक येईपर्यंत दुसरें करण्यासारखें कांहीं नसतें. तेव्हां ही पदवी कोणत्या विद्यापीठाची, ती मिळण्यास किती वर्षें लागतात, याचा हिशेब करीत आम्हीं पुष्कळ तास घालविले आहेत. परंतु त्याच दवाखान्यांत ज्या माणसाचा हात आपल्या अंगाला सर्वांत आधीं लागतो, जें आपलें वजन करतें, रक्तदाब पाहतें, सुई टोंचतें, पट्टी बदलतें, तें माणूस कोण, तें हें सर्व कोठें शिकलें, आणि पुढें त्याचें काय होणार, असा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. त्याचें नांव पाटीवर नसतें. तो विचार मनांत कसा आला, आणि येण्यास किती उशीर झाला, ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें लहानपण कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं गेलें. १९७५ च्या सुमारास त्या गांवांत नांव घेण्यासारखे डॉक्टर एकच होते, आणि त्यांचे कंपौंडरही एकच. लहानथोर सर्व त्यांस कंपौंडरकाका म्हणत. दवाखान्याच्या आंतल्या बाजूस एक लांकडी खिडकी होती. तिच्यामागें काचेच्या मोठ्या बरण्या, एक खल, एक तराजू आणि काका. औषधासाठीं बाटली घरून न्यावयाची. तींत ते गुलाबी किंवा तपकिरी मिश्रण भरीत, कागदाची पट्टी कात्रीनें कातरून तिला दांते पाडीत, आणि ती बाटलीला उभी चिकटवून देत. एका दांत्याएवढें औषध म्हणजे एक मात्रा. पुड्या बांधतांना ते बोलत नसत. वीस पुड्या बांधल्या तर विसांतील कोणतीही उचलून पाहावी, घडी आणि वजन एकच.

त्यांच्याविषयींची एक आठवण आमच्या घरांत पिढीजात होऊन बसली आहे. आमचा धाकटा भाऊ तेव्हां वर्षाचा होता. त्यास सर्दी झाली म्हणून आई त्याला व रिकामी बाटली घेऊन खिडकीपाशीं उभी राहिली. पूर्वीचेंच औषध भरून द्या, डॉक्टरांस त्रास नको, असें ती म्हणाली. काकांनीं बाटली हातांत घेतली, मुलाकडे एकदां पाहिलें, खिडकींतून हात घालून त्याचें झबलें वर केलें, आणि बाटली तशीच खालीं ठेवून मुलास उचलून ते आंत गेले. श्वास घेतांना मुलाच्या बरगड्यांखालीं खळगा पडत होता. तो न्यूमोनिया होता. आमचा भाऊ आज नातवंडांची वाट पाहत आहे. त्या दिवसापासून आमची आई म्हणे, "कंपौंडरांच्या नजरेला गुण आहे हो!" हाताचा गुण नजरेला दिला एवढेंच; शब्द तोच.

या काकांजवळ कसलाही दाखला नव्हता. आपल्या देशांत औषधनिर्मात्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. तो करणारांस हें ठाऊक होतें, कीं हा धंदा कायद्याच्या आधींपासून चालू आहे आणि तो जाणणारीं पुष्कळ माणसें पाठशाळेंत गेलेलीं नाहींत. म्हणून पहिलें नोंदणी-पुस्तक तयार करतांना त्यांनीं एक दार उघडें ठेविलें: ज्यानें रुग्णालयांत किंवा दवाखान्यांत औषधें मिसळून देण्याचें काम किमान पांच वर्षें केलें आहे, त्याचेंही नांव त्या पुस्तकांत चढावें. मोठें शहाणपणाचें कलम! परंतु असें दार एकदांच उघडतें. काका कामाला लागले ते तें मिटल्यानंतर. पुढें १९८४ च्या सप्टेंबरांत याच कायद्याचें आणखी एक कलम अंमलांत आलें, आणि डॉक्टरांच्या चिठीवरून औषध देण्याचा अधिकार नोंदलेल्या औषधनिर्मात्यांपुरता राहिला. डॉक्टर स्वतःच्या रुग्णांस स्वतः औषध देतात त्यास मात्र त्यांतून सूट होती. म्हणजे काकांची विद्या त्या दवाखान्याच्या चार भिंतींत, डॉक्टरांच्या सावलींत, चालूं शके. उंबरठ्याबाहेर तिला नांव नव्हतें.

हा उंबरठा त्यांस पुढें ओलांडावा लागला. डॉक्टर वारले, मुलगा शहरांत होता, दवाखान्याला कुलूप लागलें. तोंवर बरण्याही गेल्या होत्या. गोळ्या चकचकीत वेष्टनांत येऊं लागल्या होत्या. काकांचें वय पंचावन्नाच्या घरांत होतें. औषधांच्या दुकानांत त्यांस कोणी ठेवीना, कारण तेथें ज्ञान नको होतें, नोंदणीचा क्रमांक हवा होता. अखेर एका वाण्याच्या दुकानीं ते तराजूवर बसूं लागले. आम्ही कॉलेजच्या सुटींत गांवीं गेलों असतां त्यांस तेथें पाहिलें. पावशेर शेंगदाण्यांची पुडी त्यांनीं बांधून दिली. घडी तीच होती. त्या वेळीं आम्हांस वाईट वाटलें. परंतु वाईट वाटणें आणि कांहीं शिकणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तीस वर्षांनंतर आमच्यावर तोच धडा पुन्हां आला, तेव्हां आम्हीं तो ओळखला नाहीं.

२०१७ सालच्या पावसाळ्यांत आमच्या आईच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, वय ऐंशीच्या पुढें, जखम भरेना. पुण्यांत आमच्या घराजवळच एका सज्जन डॉक्टरांचा दवाखाना आहे. तेथें काम करणारी एक मुलगी रोज दुपारीं आईची पट्टी बदलण्यास घरीं येऊं लागली. भोर तालुक्यांतील खेड्यांतून आलेली, बारावी उत्तीर्ण, वय एकवीस. दवाखान्यांत ती तीन वर्षें होती आणि सर्व कांहीं तेथेंच शिकली होती: हृदयाचा आलेख काढणें, रक्त घेणें, सलाइन लावणें, उपकरणें उकळणें, आणि घाबरलेल्या माणसाशीं बोलणें. हें शेवटचें तिला कोणीं शिकविलें, तें आम्हांस कळलें नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं तिनें पट्टी सोडली आणि जखमेकडे न पाहतां भोंवतालच्या कातडीवर आपल्या हाताची मागची बाजू टेंकविली. मग दुसऱ्या पायावर टेंकविली. मग खिशांतील पेनानें लालीच्या कडेला एक रेघ ओढली, आणि आम्हांस म्हणाली, "सर, संध्याकाळीं ही लाली रेघेच्या बाहेर गेली तर रात्र काढूं नका. मी डॉक्टरसाहेबांना आतांच फोन करतें." लाली संध्याकाळीं बाहेर गेली. आईला त्याच रात्रीं रुग्णालयांत नेलें. पायाचें एक बोट गेलें; पाय राहिला. रुग्णालयांतील शस्त्रवैद्यांनीं ती रेघ पाहून विचारलें, "ही कोणीं ओढली?" आम्हीं सांगितलें. ते म्हणाले, "चांगली नर्स आहे." आम्हीं त्यांची चूक दुरुस्त केली नाहीं. ती नर्स नव्हती. तिच्या कामाला नांवच नव्हतें.

आई बरी होऊन घरीं आली आणि तिनें जाहीर केलें, कीं पोरीच्या हाताला गुण आहे. आम्हीं घरांत आणखी एक शब्द तिला बहाल केला: 'घरच्यासारखी'. मध्यमवर्गीय कुटुंबांत हा शब्द किती सोयीचा आहे, हें वाचकांनीं आपल्याशींच पाहावें. जी घरच्यासारखी, तिला दिवाळींत साडी मिळते, जेवणाच्या वेळीं आली तर ताट मिळतें. परंतु पगार वाढवून मागणें, रजा मागणें, किंवा आपल्या पुढच्या आयुष्याविषयीं विचारणें, या गोष्टी परक्या माणसाला शोभतात, घरच्याला नव्हे.

तरीही तिनें विचारलें. त्याच वर्षीं दिवाळीनंतर ती एक कागद घेऊन आली. "सर, मी नर्सिंगला जाऊं का? तीन वर्षांचा कोर्स आहे. बारावीला इंग्रजी लागतें, तें आहे माझें. फक्त नोकरी सोडावी लागेल." हा कोर्स म्हणजे ज्याला जी. एन. एम. म्हणतात तो. तो पुरा करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नांव नोंदलें, म्हणजे ती मुलगी कायद्यानें परिचारिका होते, आणि तिच्यापुढें एक जिना उभा राहतो. आम्हांस यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. आणि अधिक खेदाची गोष्ट ही, कीं ठाऊक करून घेण्याची इच्छाही झाली नाहीं. आम्हीं तिला पोक्तपणानें सांगितलें, "अगं, तीन वर्षें म्हणजे फार. कमाई बंद होईल. डॉक्टर इतके चांगले आहेत. त्यापेक्षां नोकरी संभाळून एखादें लहानसें सर्टिफिकेट घे." आणि एवढ्यावर न थांबतां शहरांतील एका खासगी संस्थेची जाहिरात आम्हींच वर्तमानपत्रांतून कापून तिला दिली, आणि सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची फी आमच्या खिशांतून भरली. आमच्या औदार्याचें घरांत कौतुक झालें.

खरें कारण आज लिहून टाकणें बरें. ती तीन वर्षें वसतिगृहांत गेली असती, तर आईचा पाय कोणीं पाहिला असता?

अभ्यासक्रम पुरा झाला. सोनेरी किनारीचें, जाड कागदावरचें प्रमाणपत्र मिळालें. त्यावर 'शासनमान्य' असा शब्दही होता. २०१९ सालीं एका मोठ्या रुग्णालयांत जागा निघाल्या. ती अर्ज घेऊन गेली. तेथील लेखनिकानें प्रमाणपत्र उलटून पाहिलें आणि विचारलें, "नोंदणी क्रमांक?" ती संध्याकाळीं आमच्याकडे आली. "सर, यांत नोंदणी क्रमांक कोठें असतो?"

आम्हीं चष्मा लाविला. आयुष्यभर आम्हीं परीक्षा घेतल्या, गुणपत्रिकांवर सह्या केल्या, विद्यार्थ्यांस 'मूळ आधार पाहा' म्हणून शिकविलें. आणि हा कागद त्या दिवशीं प्रथमच वाचला. शासनानें मान्य केलेली होती ती संस्था, म्हणजे तिच्या न्यासाची नोंदणी झाली होती, जशी एखाद्या भजनी मंडळाची होते. अभ्यासक्रमाला कोणत्याही परिषदेची मान्यता नव्हती. सहा महिन्यांच्या शिक्षणानें नर्स होतां येत नाहीं, ही गोष्ट महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा एक नियम वाचून कळली असती. आम्हीं तिला तसें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग कागदाची गुंडाळी करीत म्हणाली, "असूं दे सर. फी तर तुम्हींच भरली होती."

त्या वाक्यांत उपहास नव्हता. ती आमचें समाधान करीत होती.

या प्रसंगानंतर आम्हीं जें वाचन केलें, तें पांच वर्षें आधीं करावयास हवें होतें. तथापि त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवतों, कारण आमच्यासारखे सल्ला देणारे पुष्कळ आहेत. हातगुण आणि दाखला यांचा वाद आपल्याच देशांतला आहे असें नाहीं. इंग्लंडांत तो तीस वर्षें चालला, आणि त्यांत दोन्ही बाजूंस स्त्रियाच होत्या. एथेल बेडफर्ड फेनविक या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका होत्या. त्यांनीं १८८७ सालीं परिचारिकांची संघटना काढली आणि मागणी केली, कीं प्रत्येक शिकलेल्या परिचारिकेचें नांव सरकारी नोंदवहींत असावें. त्यांस विरोध करणारांत अग्रभागीं कोण होतें? साक्षात् फ्लॉरेन्स नाइटिंगेल! त्यांचें म्हणणें असें, कीं परिचारिकेचा खरा गुण तिच्या शीलांत आहे, आणि शीलाची परीक्षा कागदावर घेतां येत नाहीं. म्हणजे नाइटिंगेलबाई हातगुणाच्या पक्षाच्या. त्यांचें म्हणणें खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या मुलीनें आईच्या पायावर हाताची मागची बाजू टेंकविली, तें कोणत्या प्रश्नपत्रिकेंत मावेल? परंतु नाइटिंगेलबाईंस दाखल्याची गरज कधीं पडलीच नाहीं. सर्व जग त्यांस नांवानें ओळखत होतें. दाखला लागतो तो ज्याला कोणी ओळखत नाहीं त्याला. अखेर १९१९ सालीं इंग्लंडांत नोंदणीचा कायदा झाला, आणि त्या नोंदवहींत पहिलें नांव फेनविकबाईंचें लागलें. त्या कायद्यानेंही, आपल्या १९४८ च्या कायद्याप्रमाणेंच, आधींपासून काम करणाऱ्या अनुभवी परिचारिकांसाठीं कांहीं काळ दार उघडें ठेविलें होतें.

याच सुमारास आमच्या पुतणीचें पत्र आलें; पत्र म्हणजे हल्लींच्या पद्धतीप्रमाणें मोबाइलवरचा लांबलचक निरोप. तिनें महाराष्ट्रांत होमिओपथीची पदवी घेतली, येथें दोन वर्षें स्वतःचा दवाखाना चालविला, आणि लग्नानंतर न्यू जर्सींत गेली. येथील पदवीवर तेथें डॉक्टरकी करतां येत नाहीं. म्हणून ती एका डॉक्टरांकडे 'मेडिकल असिस्टंट' म्हणून लागली: रक्तदाब पाहावयाचा, लस टोंचावयाची, रुग्णाची माहिती संगणकांत भरावयाची. म्हणजे येथें पाटीवर नांव, आणि तेथें बिनपाटीचें काम. आम्हांस वाटलें, बिचारी खिन्न असेल. तिनें मात्र मोठ्या उत्साहानें कळविलें होतें, कीं या कामाची एक राष्ट्रीय परीक्षा आपण उत्तीर्ण झालों.

त्या देशांत या मदतनिसांनीं स्वतःची संघटना १९५६ सालीं स्थापिली, आणि १९६३ पासून ती संघटना परीक्षा घेते. तिचें प्रमाणपत्र साठ महिने चालतें. मग पुन्हां परीक्षा द्यावी, किंवा त्या अवधींत साठ गुणांचा नवा अभ्यास केल्याचें दाखवावें. दुसऱ्याही अनेक संस्थांच्या परीक्षा आहेत. कांहीं शाखांत तर पायऱ्यांवर पायऱ्या आहेत. नेत्रवैद्याच्या हाताखालीं काम करणारास प्रथम साहाय्यक, मग तंत्रज्ञ, मग त्याहून वरचा तंत्रज्ञ, अशा तीन परीक्षा देतां येतात. गंमत अशी, कीं तेथील बहुतेक राज्यांत या कामास असें प्रमाणपत्र कायद्यानें आवश्यक नाहीं. तें मागतात ते मालक. तरी २०१२ सालीं तेथील केंद्र सरकारनें एक नियम केला, कीं डॉक्टरांच्या वतीनें संगणकांत औषधांचा हुकूम मदतनिसानें नोंदविला, तर तो सरकारी अनुदानाच्या हिशेबांत धरण्यासाठीं तो मदतनीस प्रमाणित असला पाहिजे. एका रात्रींत त्या कागदाची किंमत वाढली.

आम्हीं पुतणीस विचारलें, "पगार किती वाढला?" तिनें उत्तर दिलें, "काका, पगार फारसा नाहीं वाढला. पण आधींच्या जागीं मालक ओरडला कीं मी घाबरायची, कारण माझें काम चांगलें आहे हें त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतें. आतां तसें नाहीं."

दाखला म्हणजे काय, हें आम्हांस या चार ओळींनीं कळलें. दाखल्यानें ज्ञान येत नाहीं; काकांजवळ तें दाखल्यावांचून होतें, आणि आमच्या हातून त्या मुलीस मिळालेला दाखला ज्ञानावांचून होता. दाखल्यानें एवढेंच होतें, कीं जें ज्ञान मालकाच्या घरांत ठेविलेलें असतें, तें चाकराच्या मालकीचें होतें. तें तो बरोबर घेऊन जाऊं शकतो. काकांची सारी विद्या डॉक्टरांच्या भिंतींत राहिली होती. भिंती गेल्या, विद्या गेली. पण हें होण्यास दाखला असा हवा, कीं ज्याच्या मागें परीक्षा आहे, आणि परीक्षेच्या मागें असा कोणी आहे, ज्याला ती विकण्यांत फायदा नाहीं. नाहींतर तो सोनेरी किनारीचा कागद. त्यापेक्षां कोरा कागद बरा, त्यावर निदान हिशेब लिहितां येतो.

आपल्याकडे जिना नाहीं असें नाहीं. तो अंधारांत आहे. दोन वर्षांचा ए. एन. एम. चा अभ्यास, तीन वर्षांचा जी. एन. एम. चा, त्यानंतर दोन वर्षांत पदवी. नोंदलेल्या परिचारिकेला एक वर्षाच्या अनुभवानंतर, भारतीय परिचर्या परिषदेनें आंखून दिलेल्या एकेका विशेष शाखेचा एक वर्षाचा अभ्यास करतां येतो: अतिदक्षता, नवजात बालकें, कर्करोग, शस्त्रक्रियागृह, मानसिक आजार, भाजलेले रुग्ण. इतर मदतनिसांसाठीं, म्हणजे रक्त तपासणारे, क्ष-किरण काढणारे, शस्त्रक्रियागृहांत व रक्तशुद्धीच्या यंत्रावर काम करणारे, डॉक्टरांचे प्रशिक्षित साहाय्यक, अशा सर्वांसाठीं, संसदेनें २०२१ सालीं स्वतंत्र कायदा केला. त्यांत शिक्षणाचा हिशेब तासांवर आहे: एका वर्गास किमान दोन हजार तास, वरच्या वर्गास किमान तीन हजार सहाशें. तास मोजून शिक्षणाचें माप घेणें आम्हां प्राध्यापकांस नवें नाहीं, आणि त्यांतील पोकळीही आम्हांस ठाऊक आहे. तरी माप मुळींच नसण्यापेक्षां तें बरें.

परंतु या मापांतून एक जण सुटतो: जो दवाखान्यांतच शिकला. त्याच्या दोन हजार नव्हे, वीस हजार तासांची कोणी गणती करीत नाहीं. आधींच अंगीं असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय २०१५ सालच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत आहे खरी. पण त्या दाखल्याचा जिना परिचारिकेच्या नोंदवहीपर्यंत पोंचत नाहीं. अर्धशिक्षित हातांत रुग्णाचा जीव कोणी द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षा कडक असावी. पण ती देण्याचें दार अनुभवी माणसास एकदांच नव्हे, दरवर्षीं उघडें असावें, आणि त्याच्या अनुभवानें अभ्यासाचे निदान कांहीं महिने तरी कमी व्हावेत, एवढें १९४८ चें शहाणपण आपण विसरलों नसतों तर बरें झालें असतें.

आमच्या डॉक्टरमित्रांपुढें आम्हीं हें बोलून दाखविलें. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "प्राध्यापक, तुमचें खरें. पण माझी अडचण ऐका. तीन वर्षें खपून शिकवावें, आणि पंख फुटले कीं ती उडून जाते. मोठ्या रुग्णालयाचा पगार मी कोठून देऊं?" ही अडचण खोटी नाहीं. लहान दवाखाना स्वस्त राहतो तो याच बिनपाटीच्या हातांमुळें, आणि स्वस्त दवाखाना आम्हां सर्वांना हवा असतो. डॉक्टर दोष देतात परिस्थितीला, रुग्ण डॉक्टरांना. पण जिच्या जिवावर हा स्वस्तपणा उभा आहे, तिच्याकडून आपण सर्व मिळून दर महिन्याला थोडें थोडें कर्ज घेतों, हें कोणी मनाशीं मानीत नाहीं. आम्हीं तरी मानलें नव्हतें.

त्या मुलीचें पुढें काय झालें? २०२० मध्यें साथ आली. ज्या वेळीं पाटीवरचीं कांहीं दारें बंद होतीं, त्या वेळीं ती रोज दवाखान्यांत जात होती. २०२१ सालीं तिनें जी. एन. एम. ला प्रवेश घेतला. वयाची मर्यादा पस्तीसची असल्यामुळें पंचविसाव्या वर्षींही दार उघडें होतें. अठरा वर्षांच्या मुली तिला वर्गांत ताई म्हणत. या वेळीं फी तिनें स्वतः भरली; साठविलेले पैसे आणि डॉक्टरांनीं बिनव्याजी दिलेली रक्कम. होय, त्याच डॉक्टरांनीं. आमच्या वांट्यास आलें तें इंग्रजी: रविवारीं ती शरीरशास्त्राचें पुस्तक घेऊन येई, आणि आम्ही तिला वाक्यें सोडवून देत असूं. एकदां रक्ताभिसरणाचा पाठ वाचतांना ती थांबली आणि म्हणाली, "सर, कातडी गरम कां लागते तें आज कळलें. मला फक्त लागते एवढेंच माहीत होतें." तेव्हां आमच्या मनांत आलें, कीं नाइटिंगेल आणि फेनविक यांचा वाद या एका वाक्यांत मिटला.

आमची आई २०२२ सालीं गेली. शेवटच्या आजारांत ती विचारी, "पोरगी कुठें आहे?" आणि आम्ही सांगत असूं, "शिकते आहे." आईस तें पटत नसे. ज्याच्या हाताला गुण आहे त्यानें आणखी काय शिकावयाचें, असें तिचें मत अखेरपर्यंत होतें. २०२४ सालीं ती मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली आणि नोंदणीचा कागद दाखविण्यास घरीं आली. कागद साधा होता, सोनेरी किनार नव्हती. आमच्या पत्नीनें तिच्या हातावर साखर ठेविली. ती तशीच आईच्या तसबिरीपुढें गेली आणि तो कागद तिनें क्षणभर तेथें ठेविला.

मागच्या महिन्यांत ती पुन्हां आली होती. रुग्णालयांत नवजात बालकांच्या विभागांत तिला वर्ष होऊन गेलें आहे, आणि त्याच शाखेचा एक वर्षाचा अभ्यास करावा असें तिच्या मनांत आहे. तिनें माहितीपत्रक पुढें केलें. "सर, एकदां वाचून बघा."

आम्हीं चष्मा लाविला, आणि अभ्यासक्रम, फी, वसतिगृह हें सर्व मागें ठेवून प्रथम शेवटचें पान उघडलें, जेथें मान्यता कोणाची आहे तें लिहिलेलें असतें. ती हंसून म्हणाली, "तें मी आधींच पाहिलें, सर. परिषदेच्या यादींतही पाहिलें. तुम्हीं इंग्रजी तेवढें बघा."